पुढचे गाव मागच्या गावात : 'निवेदन'मधील एकाकी प्रवास आणि पूर्वेकडचे मराठी प्रवासलेखन

प्रस्तावना

'सोलो ट्रिप' हा शब्द आज पालघर-बोईसर परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बोलण्यात सहज येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आणि डिसेंबर २०२३ मध्ये मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश दिला. तेव्हापासून बँकॉक, क्वालालंपूर आणि त्यांना जोडून आणखी एखादे शहर एकट्याने, फारसे काही न ठरवता पाहून येणे नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्याही आवाक्यात आले आहे. या प्रवासाभोवती एक धारणाही तयार झाली आहे. एकट्याने निघावे, आराखडा नसावा, म्हणजे माणसाला स्वतःचा शोध लागतो, अशी ती धारणा होय. ती तपासून पाहण्यासाठी मराठी वाङ्मयात काही साधन आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हे असे साधन आहे आणि त्यातील प्रवास या धारणेच्या बराचसा विरुद्ध जाणारा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

दिंडी आणि सहल

मराठी माणसाच्या प्रवासकल्पनेचा मूळ नमुना सामुदायिक आहे. वारीत एकटा वारकरी असत नाही, दिंडी असते. मूळचे पालघर तालुक्यातील माहीमचे असलेले सोनोपंत दांडेकर यांनी ज्या संप्रदायाचा अभ्यास आयुष्यभर केला, त्या संप्रदायात चालणे हीच एक सामूहिक कृती आहे. याच तालुक्याने पुढे आधुनिक मराठी सहलीलाही माणसे पुरविली, हा योगायोग लक्षणीय आहे. पालघरच्या मातीतून आलेल्या केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये 'केसरी टूर्स'ची स्थापना केली. सिंगापूर-थायलंड-मलेशिया ही सहल मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या पहिल्या परदेशवारीचा पर्याय ठरली, त्यामागे अशा सहलसंस्थांचा वाटा मोठा आहे. बरोबर मराठी बोलणारा मार्गदर्शक, जेवणात ओळखीची चव, उद्याचा दिवस आजच छापलेला. या व्यवस्थेची चेष्टा करणे सोपे आहे. परंतु जी माणसे एरवी कधीच समुद्र ओलांडून गेली नसती, ती तिच्यामुळे गेली, हे विसरून चालणार नाही.

पूर्वेकडच्या मराठी प्रवासवर्णनाचे मानदंड म्हणून ज्या ग्रंथाचे नाव प्रथम घेतले जाते, तो पु. ल. देशपांडे यांचा 'पूर्वरंग' (१९६३) हाही एकट्या माणसाचा ग्रंथ नाही. आग्नेय आशियातून जपानपर्यंतच्या या प्रवासात सुनीताबाई त्यांच्याबरोबर होत्या. पु. लं.चा निवेदक परक्या शहरात शिरतो तो रसिक प्रेक्षक म्हणून. बालीतील नृत्य आणि नाट्य यांच्यासमोर तो मनापासून हरखतो, आणि परकेपणा असह्य होण्याआधीच विनोद त्याच्या मदतीला येतो. हे त्या ग्रंथाचे सामर्थ्य आहे आणि त्याची मर्यादाही. पुढे मीना प्रभू यांनी 'चिनी माती', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' अशा ग्रंथांतून एकटीने जग हिंडणाऱ्या मराठी स्त्रीचा आत्मविश्वास वाङ्मयात आणला. त्यांचे एकटेपण मात्र पूर्वतयारीचे, अभ्यासाचे आणि स्वखर्चाचे आहे. आराखडा नसलेला, पैसा नसलेला, परत येण्याची तारीख नसलेला एकटा प्रवासी पाहायचा असेल तर मागे, विसाव्या शतकाच्या आरंभाकडे जावे लागते.

'निवेदन'मधील वाट

गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींचे शालेय शिक्षण नगण्य होते. १८९७ मध्ये 'बालबोधमेवा' या मासिकात बुद्धावरील लेख त्यांच्या वाचनात आला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. गोवा पोर्तुगीज सत्तेखाली असल्याने कोसंबी निघाले तेव्हा पोर्तुगीज प्रजाजन होते. त्यांच्यासाठी पहिला परदेश म्हणजे पुणे. उलट, पुढे ते रंगूनला पोहोचले तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि १९३७ पर्यंत तो तसाच राहिला. देश आणि परदेश यांच्या आजच्या रेषा घेऊन 'निवेदन' वाचता येत नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, मद्रास, ब्रह्मदेश असा हा मार्ग नकाशावर पाहिला तर त्यात कसलीच सुसंगती दिसत नाही. ती दिसत नाही कारण आरंभी कोसंबींजवळ मार्गच नव्हता. बौद्ध धर्म कोठे शिकायला मिळेल हे त्यांना माहीत नव्हते. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर भेटतात, संस्कृतसाठी काशीला जावे लागते, काशीत नेपाळविषयी आशा निर्माण होते, १९०२ मध्ये नेपाळात निराशा पदरी पडते, बोधगयेत सिंहलद्वीपाचे नाव कळते. पुढचे गाव प्रत्येक वेळी मागच्या गावात कळते. 'निवेदन'ची कथनरचना याच तत्त्वावर उभी आहे. लेखनाच्या वेळी लेखकाला शेवट ठाऊक असूनही तो वाचकाला पुढचे आधी सांगून टाकत नाही, आणि त्यामुळे गद्य अत्यंत साधे असूनही ग्रंथ हातातून सुटत नाही.

उत्स्फूर्त प्रवास याचा अर्थ हेतू नसलेला प्रवास असा घेतला, तर कोसंबींचा प्रवास उत्स्फूर्त नव्हता. त्यांचा हेतू पक्का होता, वाट मात्र सर्वस्वी अनिश्चित. आजच्या एकट्या प्रवाशाचे नेमके उलटे असते. त्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर वाट मिनिटागणिक निश्चित असते. हेतूबद्दल मात्र तो 'बघू या' म्हणतो.

या प्रवासातील एकटेपणाचे स्वरूप हा 'निवेदन'चा खरा गाभा आहे. ज्याच्याजवळ पैसा असतो, तो एकटा राहू शकतो. खिशात पैसा नसलेल्या एकट्या माणसाला पदोपदी दुसऱ्याची गरज लागते. काशीत अन्नछत्र, कोलंबोत विद्योदय विद्यालय आणि सुमंगलाचार्यांचा आश्रय, ब्रह्मदेशात विहार : कोसंबी कोठेही स्वतःच्या बळावर राहिलेले नाहीत, आणि तसे भासवतही नाहीत. कोणी किती दिले, कोणी जेवू घातले, कोणी टाळले याची नोंद ते ठेवतात. त्यामुळे पुस्तकाच्या काही भागांना जमाखर्चाच्या वहीचे रूप येते. समीक्षकांना हा भाग रूक्ष वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तीच या लेखनाची नैतिकता आहे. निसर्गवर्णन येथे दुय्यम ठरते, कारण सूर्यास्ताने कोणाचे पोट भरत नाही. प्रवासवर्णनाच्या अभ्यासक्रमात स्थलवर्णन, लोकजीवन, भाषाशैली असे ठरावीक घटक शोधण्याची जी सवय लागली आहे, तिच्यात 'निवेदन' बसत नाही. बहुधा म्हणूनच ते आत्मचरित्राच्या आणि धर्मविचाराच्या कपाटात ठेवले गेले, प्रवासवर्णनाच्या नाही.

ब्रह्मदेश

ब्रह्मदेशातील भागात एकटेपणाची ही परीक्षा टोकाला जाते. परकी भाषा, न मानवणारे अन्न आणि विहाराची शिस्त यांत प्रवासी केवळ शिकाऊ उरतो. मंडालेजवळच्या सगाईंच्या टेकड्यांतील गुहेत कोसंबींनी ध्यानाभ्यास केला. तेथे त्यांच्यासोबत होते ज्ञानतिलोक हे जर्मन भिक्षू. पुढे हेच पाली वाङ्मयाचे युरोपातील ख्यातनाम भाषांतरकार झाले. गोव्यातून निघालेला एक मराठी माणूस आणि जर्मनीतून निघालेला एक युरोपीय माणूस, दोघेही आपापल्या घरच्या धर्मापासून दूर आलेले, तिसऱ्याच देशातील एका टेकडीवर एकाच गुरूकडे बसले. एकाकी प्रवासाच्या अगदी टोकावर सोबती सापडावा, आणि तोही असा, ही घटना कोणत्याही कादंबरीकाराने रचली असती तर ती अतिरंजित वाटली असती.

मंडाले म्हटले की मराठी मनात टिळकांचा तुरुंग आणि 'गीतारहस्य' एवढेच उभे राहते. टिळक तेथे १९०८ ते १९१४ या काळात बंदिवान होते. कोसंबी त्याच्या काही वर्षे आधी त्या परिसरात स्वेच्छेने गेले होते. आणि त्याच काळात ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढत होता. तेथेच १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचा विद्यार्थी-प्रजाजन होऊ शकला असता असा एक कोकणी माणूस राजाच्या रिकाम्या राजधानीजवळ हिंडत होता. 'निवेदन' या विरोधाकडे फारसे लक्ष देत नाही. साम्राज्याने जिंकलेल्या देशात आपण आलो आहोत, ही जाणीव त्यातील ब्रह्मदेशाच्या चित्रणात क्षीण आहे. रंगून-मंडालेचा बाजार, बंदर, हिंदी मजूर आणि ब्राह्मी स्त्रिया यांना चीवर घातलेल्या लेखकाच्या नजरेत फार थोडी जागा मिळते. ही उणीव मान्य करावी लागते.

पालघरच्या वाचकाला या वाटेचे आणखी एक टोक घराजवळ सापडते. बोईसरहून पश्चिम रेल्वेने दक्षिणेकडे जाताना लागणारे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी केले आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही तेथेच सापडले. बुद्धाचा शिष्य पुण्ण ज्या सूनापरांत देशाचा होता, तो हा प्रदेश असे भारतीय अभ्यासक मानतात. ब्रह्मदेशातील परंपरा मात्र सूनापरांत आपल्याच देशात असल्याचे सांगते. नावांची ही सरमिसळ पुढेही चालू राहिली : इंग्रजांनी आपल्या वसईलाही 'बेसीन' म्हटले आणि ब्रह्मदेशातील पाथेइन या बंदरालाही. कोसंबी ज्या धर्माच्या शोधात समुद्रापार गेले, त्याचे अवशेष ते निघण्यापूर्वी सतरा वर्षे याच किनाऱ्यावर उकरून काढले गेले होते. पण अवशेष शिकवीत नाहीत. शिकवणारा माणूस लागतो, आणि तो त्या वेळी कोलंबोत व सगाईंला होता.

मागे राहिलेले

एकट्याने, एका पिशवीनिशी, पुढचा मुक्काम न ठरवता येणाऱ्या माणसांची बोईसर-तारापूरला वाण नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार बहुतांशी असेच आलेले असतात. कोणी तरी गाववाला आधी आलेला असतो, त्याच्या खोलीवर पहिले काही दिवस निघतात, पुढचे काम तेथे कळते. कोसंबींच्या प्रवासाची रचना नेमकी हीच आहे. या माणसांना कोणी 'सोलो ट्रॅव्हलर' म्हणत नाही. 'सोलो' हे विशेषण प्रवासाच्या पद्धतीला चिकटलेले नसून प्रवाशाच्या ऐपतीला चिकटलेले आहे, हे वर्गात 'निवेदन' शिकवताना विद्यार्थ्यांच्या लवकर ध्यानात येण्याजोगे आहे. त्यांतील कित्येकांचे वडील असेच आलेले असतात.

या कामगारांच्या गावी जसे कोणी तरी थांबलेले असते, तसे साखवाळच्या कोसंबींच्या मागेही होते. एकट्या प्रवासाच्या वर्णनात हा भाग नेहमीच वगळला जातो. 'पूर्वरंग'मधील सहप्रवासिनीला आपली बाजू मांडता आली. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले आणि पु. लं.च्या वाचकांना त्या सहजीवनाकडे दुसऱ्या बाजूने पाहावे लागले. कोसंबींच्या पत्नी बाळाबाई यांची बाजू 'निवेदन'मध्ये त्यांच्या शब्दांत येत नाही. विवाह झाला तेव्हा कोसंबी सोळा वर्षांचेही नव्हते. त्यांनी घर सोडले त्याच वर्षी मुलगी माणिक जन्मली होती. कोसंबी आपल्या निर्णयाचे उदात्तीकरण करीत नाहीत, मन ओढले गेल्याचे लपवीतही नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. तरीही सात वर्षांत माहेर-सासरच्या लोकांत त्या स्त्रीला काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे पान कोरेच राहते. जमाखर्चाची एवढी काटेकोर नोंद ठेवणाऱ्या लेखकाच्या वहीत सर्वांत मोठे देणे याच पानावर असायला हवे होते. या एका जागी 'निवेदन' कमी पडते, आणि आजच्या एकट्या प्रवासाच्या स्तुतिपर लेखनात तर ही जागाच नसते.

१९०६ मध्ये कोसंबी ब्रह्मदेशातून कलकत्त्याला परतले. चीवर उतरले, पाली शिकवण्याचे काम मिळाले, घराशी तुटलेला संबंध पुन्हा जुळला; ३१ जुलै १९०७ रोजी पुत्र दामोदर यांचा जन्म झाला, ज्यांना पुढे जगाने डी. डी. कोसंबी म्हणून ओळखले. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती दिली, ती महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर. १९१० मध्ये ते पुन्हा निघाले, या वेळी अमेरिकेत हार्वर्डकडे. दामोदर तेव्हा जेमतेम तीन वर्षांचे होते.