बहुरूपी म्हणण्याआधी

दिलीप प्रभावळकर यांना 'बहुरूपी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'हसवाफसवी' या नाटकात एकाच नटाने सहा माणसे उभी करायची, दर वेळी नवा टोप, नवी चाल, नवा सूर. मग दुसरा शब्द सुचणार कुठून? पण त्या सहांतले मनात घर करतात ते कृष्णराव हेरंबकर, संगीत रंगभूमीचे थकलेले वृद्ध गायकनट. बाकीच्या सोंगांत प्रेक्षक प्रभावळकरांना शोधत असतो आणि सापडले की टाळी देतो. कृष्णरावांपाशी ही शोधाशोध थांबते. सोंग आणि माणूस यांच्यातला फरक तिथे कळतो, आणि हा नट मोठा आहे तो त्या फरकामुळे.

माझा असा समज आहे की त्यांना माणूस आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आलेला त्यांचा चिमणराव आठवा. चिं. वि. जोशींचा हा भित्रा, सरळमार्गी गृहस्थ बाळ कर्व्यांच्या दणकट गुंड्याभाऊशेजारी उभा राहिला की त्याचा आवाजच अंग चोरायचा. याच्या उलट टोकाला 'झपाटलेला'तला (1993) तात्या विंचू. तात्याचा जीव बाहुल्यात शिरल्यावर नटाचा चेहरा, हात, पाय सगळे काढून घेतले जाते. बाहुला रामदास पाध्यांचा. प्रभावळकरांकडे उरतो फक्त आवाज. तेवढ्या भांडवलावर त्यांनी एका पिढीची झोप उडवली.

खरे थांबायला हवे ते 'चौकट राजा'पाशी (1991, दिग्दर्शक संजय सूरकर). लहानपणीच्या अपघाताने नंदूची बुद्धी तिथेच थांबलेली. शरीर वाढले, मन नाही. अशा भूमिकेत नट हमखास दोन गोष्टी करतो. एक तर व्यंग रंगवतो, नाही तर कणव मागतो. प्रभावळकरांचा नंदू कणव मागतच नाही, कारण तो स्वतःला बिचारा समजत नाही. त्याला सतत काही तरी हवे असते, कशाचे तरी कुतूहल असते, आणि बालमैत्रीण मुन्नी परत भेटल्याचा आनंद तर अंगात मावत नाही. दुःख सोसते ती सुलभा देशपांड्यांची आई, अस्वस्थ होते ती स्मिता तळवलकरांची मुन्नी. नंदू मात्र आनंदात असतो, म्हणूनच आपल्याला त्याच्याकडे बघवत नाही.

याच काळात रंगभूमीवर जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त ते मतिमंद मुलाचे वडील झाले होते. मुलगा अतुल परचुरे, आई स्वाती चिटणीस. म्हणजे एकच दुःख त्यांनी दोन्ही बाजूंनी उभे केले: सोसणाऱ्याच्या आणि ज्याच्यामुळे सोसावे लागते त्याच्या. आपल्याकडे त्यांच्या रंगभूषेवर जितके बोलले जाते, त्याच्या दशांशानेही या जोडीवर बोलले जात नाही.

'लगे रहो मुन्नाभाई'तल्या (2006) गांधींनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला. हे गांधी इतिहासातले नाहीत. ते एका गुंडाच्या डोक्यात उगवलेले आहेत, आणि मुन्नाला जे ठाऊक नाही ते त्यांनाही ठाऊक नसते. प्रभावळकरांनी ही अट नेमकी ओळखली. त्यांचे बापू व्यासपीठावरून बोलत नाहीत. शेजारी येऊन बसावे तसे येतात, मंद हसतात आणि निर्णय मुन्नावर सोपवतात. उपदेशाचा सूर एकदा जरी चढला असता तरी अख्खा चित्रपट कोसळला असता.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेबद्दल लिहायला नकोच, इतके त्यांचे त्यातले आबा घराघरातले आहेत. इतकेच सांगायचे की ती मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर बेतलेली होती, आणि आबांचा खट्याळपणा नटाइतकाच लेखकाचाही आहे. 'नारबाची वाडी'तला (2013) मरणाची वाट पाहणाऱ्या खोताला झुलवत ठेवणारा नारोबा हा त्या आबांचाच कोकणातला चुलतभाऊ. तिथे मात्र क्वचित त्यांच्या जुन्या लकबी डोके वर काढतात, हेही सांगायला हवे.

2025 साली, वयाच्या 81व्या वर्षी, ते 'दशावतार'मध्ये नायक म्हणून आले. बाबुली मेस्त्री हा तळकोकणातला दशावतारी नट. नजर अधू होत चाललेली, पण तोंडाला रंग लावायचा सुटत नाही. सोंगे घेण्यात आयुष्य घालवलेल्या नटाने सोंगाड्याचीच भूमिका करायची, यात स्वतःलाच सलाम ठोकण्याचा मोह मोठा. बाबुली आधी गरीब बाप आहे आणि मग कलावंत, हा क्रम त्यांनी ढळू दिला नाही.

ज्यांनी त्यांचे फक्त आबा आणि बापू पाहिले आहेत, त्यांनी अजय फणसेकरांचा 'एन्काउंटर: द किलिंग' (2002) मिळवून पाहावा. त्यातला म्हातारा गुंड पुनाप्पा आबांच्या चाहत्यांना मुळीच आवडणार नाही. तरीही पाहाच.