छातीवरचा गट्टू

अंगारकी चतुर्थीला राजूरला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की माणसांच्या पाठी वाचायला मिळतात. जालना-भोकरदन रस्त्यावरचं हे गाव गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानलं जातं. अंगारकीला आदल्या रात्रीपासूनच भाविक पायी निघालेले असतात. त्या गर्दीत पाठीपाठीवर सळई, सिमेंट, पीव्हीसी पाइप, ठिबक, कपाशीचं बियाणं. जालना म्हणजे सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको जालन्यातच सुरू केली. त्यामुळे कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट इथे नवलाचा नाही. गवंडी, मिस्त्री, शेतकरी तो रोजच्या कामाला घालतात.

हल्ली त्याच रांगेत कॉलेजातल्या मुलांच्या अंगावर दुसरा एक टी-शर्ट दिसतो. त्यावरचं चित्रही पुष्कळदा हार्डवेअरच्या दुकानातलंच, पण टी-शर्ट हौसेनं विकत घेतलेला: जुन्या जाहिरातींची, दूरदर्शनच्या काळाची चित्रं असलेला. त्यातला एशियन पेंट्स या रंगकंपनीच्या जाहिरातीतला गट्टू हा मुलगा मला फार आवडतो, आणि त्याच्याकडे नीट बघावं असं वाटतं.

गट्टू 1954 मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी काढला. डोळ्यावर आलेली केसांची बट, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. बस्स. चित्रात घर नाही, भिंत नाही. ती बट एक डोळा झाकते म्हणून उघड्या डोळ्यातला खट्याळपणा वाढतो. दोन्ही डोळे दिसले असते तर हा नुसता गोंडस मुलगा झाला असता. भिंत न दाखवल्यामुळे पुढची प्रत्येक भिंत त्याचीच होते. डब्यावर, पत्र्याच्या पाटीवर, कुठेही बसेल आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लांबून ओळखू येईल असं हे चित्र आहे. म्हणून ते छातीवरही बसतं. छाती म्हणजे चुण्या पडणारा, हलणारा, श्वासाबरोबर फुगणारा कागद. बारीक तपशिलाचं चित्र तिथे विस्कटतं. गट्टू विस्कटत नाही, कारण त्यात विस्कटण्याजोगं जास्तीचं काही ठेवलेलंच नाही. कंपनीने 2002 च्या सुमाराला त्याला निवृत्त केलं. आज तो अंगावर मिरवणाऱ्या मुलांपैकी अनेकांचा जन्म त्यानंतरचा. त्यांना गट्टूची आठवण असणं शक्यच नाही. तरी त्यांनी तो निवडला. आठवण हे कारण अपुरं आहे. रेषा हे खरं कारण.

याच लक्ष्मण यांच्या कल्पनेतल्या सामान्य माणसातून 1988 मध्ये दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली. कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर वागले दांपत्य. हार्डवेअरच्या दुकानातला गट्टू आणि संध्याकाळच्या टीव्हीवरचा वागले एकाच हातातून उतरलेत, हे मला विलक्षण वाटतं. पण टी-शर्टवर मालिका उतरवणं अवघड. मालिकेची ओळख चेहऱ्यांत आणि आवाजात असते, आणि नटाचा छापलेला फोटो दोन-चार धुण्यांत निर्जीव दिसू लागतो. आपल्या ‘चिमणराव’ मालिकेवर कुणी टी-शर्ट काढलाच, तर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे फोटो न घेता दोन बाह्यरेषा घ्याव्यात, एक किडकिडीत आणि एक भरदार. चि. वि. जोशींची ती जोडगोळी तेवढ्यावर ओळखू येईल.

फेविकॉल या गोंदाच्या बोधचिन्हातले दोन हत्ती मात्र नुसत्या ताणावर उभे आहेत. दोघे विरुद्ध दिशांना ओढताहेत आणि मधला गोळा सुटत नाही. हालचाल सगळी दाखवलेली, परिणाम शून्य. आणि तो शून्यच विकायचा आहे. गणपतीच्या गावात हे हत्ती छातीवर घेऊन येणारा मुलगा बघितला की मला आनंद होतो.

छपाईबद्दल एक तक्रार. या विकतच्या टी-शर्टांवर चित्राला मुद्दाम भेगा पाडलेल्या असतात, रंग उडाल्यासारखा दाखवलेला असतो. कापडावर जाड थर बसवणारी शाई असेल तर वापरून वापरून खऱ्या भेगा पडतातच. त्या आधीच छापून देणं मला खटकतं. पाठीवरच्या कंपनीच्या टी-शर्टाचं उलट. तो पुष्कळदा पॉलिस्टरचा, त्यात रंग उष्णतेने धाग्याच्या आत मुरवलेला. कॉलर उसवते, खांद्यावर ओझ्याने कापड विरतं, पण सळईचं नाव शाबूत राहतं. जाहिरात पाठीवर का, तेही लक्षात घ्यावं. कापूस वेचताना, वीट उचलताना माणूस वाकलेला असतो, मोटरसायकलवर मागच्याला पाठच दिसते. कष्टाची जागा हेरून केलेली ही रचना चित्र म्हणून साधी आहे, पण तिला आपला वाचक पक्का माहीत आहे.

गट्टूच्या अशा टी-शर्टांवर लक्ष्मण यांचं नाव मला कधी दिसलं नाही. ते हवं. आणि राजुरातल्या मुलांना छातीवर गावचं काही हवं असेल, तर सळई-सिमेंट-पत्र्याच्या दुकानांवरच्या जुन्या, हातानं रंगवलेल्या पाट्या बघाव्यात. लाल अक्षराला पिवळी कड, खाली निळी सावली, ‘सिमेंट’च्या वेलांटीला दिलेला ऐटदार झोक, अशा पाटीच्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही असते. त्या पाट्या फ्लेक्सखाली गेल्या नाहीत तोवर फोटो काढून ठेवावेत, आणि छापताना कोपऱ्यातली सही कापू नये.