स्थळखुणांचा न्याय : ‘पोकेमॉन गो’ आणि गावठाण

महाराष्ट्रात तळेगावे अनेक आहेत. दाभाडे, ढमढेरे, दशासर ही उपपदे त्यांना परस्परांपासून वेगळी करतात. वर्धा जिल्ह्यातील, नागपूर-अमरावती महामार्गावरच्या तळेगावास हेच काम ‘श्यामजी पंत’ हे नाव करते. स्थळाची खूण लोकव्यवहारातून कशी घडते, याचे हे साधे उदाहरण होय. प्रत्यक्ष भूमीवर हिंडून खेळावयाच्या ‘पोकेमॉन गो’सारख्या खेळांत अशा खुणा कोण ठरवितो, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा नाही.

नायँटिक कंपनीने २०१२ मध्ये ‘इन्ग्रेस’ हा खेळ आणला. त्यातील स्थळे ऐतिहासिक फलकांची सूची, छायाचित्रे व खेळाडूंच्या सूचना यांतून गोळा झाली, आणि २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने त्यांचाच वारसा घेतला. अमेरिकेतील अर्बन इन्स्टिट्यूटने त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरात केलेल्या पाहणीत गौरवर्णीयांच्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५, तर कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्येच्या वस्त्यांत १९ स्थळे आढळली.

खेडेगावात खेळाडूच थोडे, म्हणून स्थळेही थोडी, असे समर्थन केले जाते. परंतु ते चक्राकार आहे. २०१९ मध्ये नवी स्थळे सुचविण्याचा हक्क अनेक देशांतील खेळाडूंना मिळाला, तो ४० व्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च पातळीवरील खेळाडूंना. स्थळांवाचून प्रगती मंद आणि प्रगतीवाचून स्थळ सुचविता येत नाही, असा हा पेच होता. पुढे अट शिथिल झाली, तरी सूचनेची परीक्षा दूरस्थ खेळाडूच करू लागले. हुतात्मा स्मारकाचे महत्त्व त्यावरील लेखामुळे त्यांना कळेल. पाटी नसलेला पार, चावडी किंवा पोळा भरण्याची मोकळी जागा यांचे महत्त्व छायाचित्रातून पटणे कठीण. उलट, डिसेंबर २०१६ मध्ये भारतात खेळ अधिकृतपणे सुरू झाला तेव्हा रिलायन्स जिओची दुकाने करारान्वये स्थळे ठरली. लेख नसला तरी व्यापारी करार पुरेसा होतो, असाच याचा अर्थ.

तथापि स्थळांची संख्या वाढविली की न्याय झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. घरांभोवती अनोळखी खेळाडू जमू लागल्याने अमेरिकेत रहिवाशांनी दावे लावले. २०१९ च्या तडजोडीनुसार, एककुटुंबीय घराच्या ४० मीटरांच्या आत असलेल्या स्थळाविषयी मालकाने तक्रार केल्यास ते हटविण्याचे नायँटिकने मान्य केले. हे अंतर स्वतंत्र आवार असलेल्या बंगल्याला अनुरूप आहे. भिंतीला भिंत लागलेल्या आपल्या गावठाणात मात्र देऊळ, पार, विहीर ही सारी कोणाच्या तरी घराच्या ४० मीटरांतच येतात. नियम कठोरपणे लावावा तर गाव रिकामे होते. न लावावा तर घराचा ओटा परक्यांचा अड्डा बनतो.

यावरून असे दिसते, की न्यायाचा निकष संख्येत नाही आणि अंतरातही नाही. तो संमतीत शोधावयास हवा. स्थळ असावे की नसावे, हे प्रथम तेथे राहणाऱ्यांनी, म्हणजे ग्रामसभेने सांगावे. अर्थात ग्रामसभेचा कौलही निरपवाद नव्हे. मोठ्या आळीचे देऊळ नोंदले जाईल आणि गावकुसाबाहेरील वस्तीचे समाजमंदिर वगळले जाईल, हा धोका उरतोच. म्हणून प्रत्येक वस्तीस आपले एक स्थळ सुचविण्याचा, आणि नको असलेले नाकारण्याचा, स्वतंत्र हक्क असावा. तसेच ते महामार्ग न ओलांडता पायी गाठता यावे. एवढे साधल्याखेरीज नकाशावरील ठिपक्यांची वाढ ही न्यायाची वाढ म्हणता येणार नाही.