तारण कोणाचं?

अंबरनाथ-बदलापुरात घर घेतलेल्या माणसाला ‘तारण’ हा शब्द शिकवावा लागत नाही. बँक कर्ज देते, घर तारण राहतं, आणि पुढची वीस वर्षं आपण लोकलमध्ये उभं राहून ते सोडवत बसतो. मराठी बायबलातही ‘तारण’ आहे, पण तिथला व्यवहार उलटा. तारणारा एकटा देव. माणसाकडे गहाण टाकण्याजोगं काहीच नाही आणि पुण्याचे हप्तेही चालत नाहीत. इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की हे कृपेने मिळालेलं दान आहे, त्यात कोणी स्वतःची फुशारकी मारू नये.

ही गोष्ट मानायला सोपी, पण घरात आणली की काय होतं? कल्याणच्या पुढे थोडी सैल झालेल्या गाडीत, मोबाइलवर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना हा प्रश्न मला पानोपानी भेटला.

आपण हे पुस्तक विनोदासाठी लक्षात ठेवतो. तापट, विसराळू, हाती आलेला पैसा वाटून टाकणारे नारायण वामन टिळक, आणि त्यांचा संसार सावरणारी बायको. हसू येतंच. पण देव पुरवील म्हणून निश्चिंत राहणारा एक असतो आणि चूल पेटवायची असते दुसरीने. कृपेवर लिहिणाऱ्यांना ही चूल सहसा दिसत नाही. लक्ष्मीबाईंना ती दिसते, आणि तक्रारीचा सूर न लावता त्या ती आपल्यालाही दाखवतात.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. नवरा धर्मासह दुरावला. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरात राहिल्या. विठ्ठलाच्या दारात बसून ख्रिस्ती झालेल्या नवऱ्यासाठी झुरणं, यापुढे कादंबरी फिकी पडावी. त्यांना स्वतःला तो विश्वास पटायला साधारण पाच वर्षं लागली. आणि सुरुवात झाली ती पाण्यापासून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न मनात उभा राहिला, आणि उत्तर मिळाल्यावर त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. आधी सोवळं गेलं, ख्रिस्त मागून आला.

मला हा पुस्तकाचा कणा वाटतो. सोवळं म्हणजे स्वतःला स्वतःच वाचवण्याची रोजची मेहनत: हे शिवायचं नाही, ते धुवायचं. ती मेहनत हातातून गळते, तेव्हा ‘तारणारा एकच’ या वाक्याला वजन येतं. प्रवचनातून ते आलं नसतं.

हा विचार परका आहे, असं म्हणणाऱ्यांनी वारकऱ्यांची करुणा आठवावी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणतच. पुलापलीकडे कोण उभं आहे, याबद्दल मात्र दोघांचं उत्तर वेगळं. तो फरक ‘स्मृतिचित्रे’ फारसा उलगडत नाही. ही उणीव मला जाणवते; पंढरपूर इतकं जवळून पाहिलेल्या बाईकडून ते वाचायला हवं होतं.

1919 मध्ये टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. पुढचे बहुतेक अध्याय, शाळा कधी न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले.