‘कुंग फू’ मालिकेतील भिक्खू : विनयाच्या कसोटीवर

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर १९७२ ते १९७५ या काळात प्रसारित झालेल्या ‘कुंग फू’ या मालिकेचा नायक बौद्ध भिक्खू आहे. शाओलिन विहारात वाढलेला क्वाय चांग केन आपल्या अंध गुरूंची, पो यांची, हत्या होताच सम्राटाच्या आप्ताला ठार करतो आणि एकोणिसाव्या शतकातील पश्चिम अमेरिकेत परागंदा होतो. डेव्हिड कॅराडाइन यांनी ही भूमिका केली.

भिक्खू हात उचलतो, हाच या मालिकेवरील नेहमीचा आक्षेप. आमच्या मते तो वरवरचा आहे. रागाने प्रहार करणाऱ्या भिक्खूला पालि विनयपिटक दोषी ठरविते. परंतु संकटात सापडलेल्याने केवळ सुटकेच्या हेतूने केलेला प्रहार तेथे दोष मानलेला नाही. चेतनेला दिलेले हे महत्त्व केनच्या बहुतेक झुंजींत दिसते. तो आधी सोसतो, टाळतो, आणि उपाय उरत नाही तेव्हाच प्रतिकार करतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे.

खरा दोष अन्यत्र आहे. हेतुपुरस्सर मनुष्यवध ही पाराजिका होय. त्या क्षणी भिक्खुपद संपते. चीनमध्ये प्रचलित असलेल्या धर्मगुप्तक विनयाचाही हाच दंडक आहे. मालिका केनला पश्चात्ताप देते, मात्र त्याचे भिक्खुपद अबाधित ठेवते. त्यामुळे विनय हा संघाचा नियम न राहता एका माणसाच्या मनाची खंत बनतो. गुरूंच्या मुखी घातलेली अनेक वचने तर लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’च्या वळणाची आहेत, त्यांत निसर्गाशी एकरूपता पुष्कळ, चार आर्यसत्यांची मांडणी अल्प.

संघ गेला की त्याच्याबरोबर समाजही जातो. मालिकेच्या प्रारंभीच्या चित्रपटात रेल्वेमार्गावर राबणारे, नाडले जाणारे चिनी मजूर दिसतात. ज्या देशाने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले, त्या देशाच्या पडद्यावर हे दुःख दाखविले गेले, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु केन झुंजतो आणि पुढील गावी निघून जातो. मजूर संघटित होऊन आपले दुःखनिवारण स्वतः करतील, ही शक्यता या कथेच्या चौकटीत बसत नाही.

१९५६ साली नागपूर येथे लाखोंनी एकत्र येऊन धम्म स्वीकारला. त्या परंपरेतील वाचकाला एकट्या फिरस्त्याचा हा धम्म अपुरा वाटल्यावाचून राहणार नाही. केनची क्षांती आदरणीय आहे. तथापि ‘बुद्धं’ आणि ‘धम्मं’ उच्चारून ‘संघं’पाशी थांबणारे सरण पूर्ण होत नाही. मालिका पाहावी, ती हे ध्यानी ठेवून.