चित्राखालची ओळ कोणी लिहिली?

अठराव्या शतकात जपानमध्ये लाकडी ठशांवरून सुंदर स्त्रियांची रंगीत चित्रं छापली जात. उतामारोचं १७९३च्या सुमाराचं एक चित्र बघा. एका चौकटीत तिघी आहेत: एक गेइशा, दोघी चहाच्या दुकानातल्या. आधी तिन्ही चेहरे सारखेच वाटतात. जरा वेळ बघितलं की नाकाची, डोळ्यांची ठेवण वेगळी दिसायला लागते. नाव कुठेच नाही, पण प्रत्येकीची खूण असलेलं चिन्ह आहे. एदोतलं गिऱ्हाईक त्यावरून ओळखायचं. त्याच सुमारास परवान्यातल्या गणिका सोडून इतर बायकांची नावं छापायला सरकारने बंदी केली. मग उतामारोने नावं चित्रकोड्यांत लपवली. १७९६मध्ये कोड्यांवरही बंदी आली.

आता आपल्याकडे. ऑटो रॉथफील्ड या आयसीएस अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया' (मुंबई, १९२०) या पुस्तकात म. वि. धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं आहेत. लुगड्याची नेसण, दागिने, उभं राहण्याची ढब यात धुरंधरांचा हात धरणारे थोडेच. खालच्या ओळीत मात्र जात, धंदा, प्रांत. समोर एक बाई दिसते, ओळ तिला नमुना करून टाकते.

इथे घाईने लिहून मोकळं व्हावंसं वाटतं: जपानने व्यक्ती दाखवली, वसाहतीने नमुने. पण हे टिकत नाही. स्त्रियांचे 'दहा प्रकार' दाखवणारी मालिका उतामारोनेही काढली होती. म्हणजे वर्गवारी दोन्हीकडे आहे; फरक निकषाचा. त्याची वर्गवारी चेहरा आणि स्वभावावरून, पुस्तकाची जन्म आणि धंद्यावरून. पहिली गिऱ्हाइकाच्या कुतूहलासाठी, दुसरी परक्या वाचकाला हा देश समजावून सांगण्यासाठी. आपल्या दाव्याला छेद देणारं उदाहरण आपणच आधी शोधायचं, ते यासाठी.

जळगाव-धुळ्यात बसून काम करणाऱ्यांना हे लांबचं वाटेल, पण नाही. १८८०चं खानदेश गॅझेटियर आपण सगळेच उघडतो. तिथेही माणसं जातवार मांडलेली आहेत. ते वर्णन उतरवून घ्या, जरूर घ्या. फक्त नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: हे नाव त्या माणसांनी स्वतःला दिलं, की लिहिणाऱ्याने? बऱ्याचदा तो रकाना रिकामा राहील. राहू द्या, अंदाजाने भरू नका.