तिसऱ्या पिनबद्दल पुस्तिका काय सांगत नाही

पुस्तक-परीक्षणाच्या सुरुवातीला लेखक, प्रकाशक, किंमत असा तपशील देण्याची पद्धत आहे. आज ज्या पुस्तिकेविषयी लिहायचे आहे तिला लेखकाचे नाव नाही, किंमत नाही आणि पुष्कळदा ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघत नाही. व्हिडिओ मिक्सर, स्विचर, प्रोजेक्टर यांच्या खोक्यात मिळणारी ही सुरक्षा-सूचनांची पुस्तिका. कंपनी कोणतीही असो, मजकूर जवळपास एकच. तेव्हा कोणा एकीचे नाव घेण्याचे कारण नाही.

शाळेशी हिचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा शैक्षणिक कार्यक्रमांचे चित्रीकरण आणि संकलन स्टुडिओत, जाणकार तंत्रज्ञांच्या हातून होई. शाळेत येई तो फक्त दूरचित्रवाणी संच. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. आज आंबेगाव तालुक्यातल्या पेठसारख्या गावातली शाळाही दोन कॅमेरे, एक मिक्सर आणि प्रोजेक्टर जोडून प्रयोगाचा तास साऱ्या सभागृहाला दाखवू शकते. स्टुडिओ गावात आला, तंत्रज्ञ मात्र शहरातच राहिला. त्याची जागा या पुस्तिकेने घ्यायची आहे, आणि ती हे काम नीट करत नाही अशी माझी तक्रार आहे.

पहिलीच सूचना घ्या: उपकरण अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच जोडावे. सूचना बिनचूक आहे; पण ती मोडण्याचा मोह नेमका केव्हा होतो याचा पुस्तिकेला पत्ता नाही. समजा, मिक्सर प्रयोगशाळेतल्या बोर्डावर आहे, प्रोजेक्टर सभागृहातल्या, आणि मध्ये तीसेक मीटर केबल. दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगचे विभव अगदी सारखे नसते. त्या फरकामुळे केबलच्या बाहेरच्या जाळीतून नको असलेला प्रवाह वाहू लागतो. जुन्या ॲनालॉग जोडणीत पडद्यावर एक काळसर आडवा पट्टा दिसतो आणि तो सावकाश सरकत राहतो. (वर्गासाठी सुंदर गणित आहे. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो आणि विजेची वारंवारता त्या क्षणी ४९.९५ हर्ट्झ आहे असे धरा. फरक ०.०५, म्हणजे पट्ट्याला पडदा ओलांडायला २० सेकंद.) डिजिटल जोडणीत पट्टा दिसत नाही, पण ध्वनिक्षेपकातून गुणगुण येते, चित्र मधेच जाते, क्वचित केबल लावताना ठिणगी पडून जोडणीची जागाच जळते.

मग कोणीतरी माहितगार येतो आणि प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. गुणगुण थांबते! सगळे खूश होतात. चुकीच्या कृतीला इतके तत्काळ बक्षीस देणारी दुसरी जागा शाळेत क्वचितच असेल.

पुढचे गणित अकरावी-बारावीच्या मुलांनी करावे. बहुतेक उपकरणांच्या वीजपुरवठ्यात विद्युत-गोंगाट गाळण्यासाठी मुख्य तारा आणि धातूची पेटी यांच्यामध्ये छोटी संधारित्रे असतात. २.२ नॅनोफॅरड, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ: प्रवाह येतो सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो. नसेल तर पेटीला हात लावणाऱ्यातून. एका उपकरणाचा जाणवतही नाही. पण एका लोखंडी मांडणीत दहा उपकरणे, सगळी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणि त्या बोर्डाची पिन तोडलेली, तर १.६ मिलिअँपिअर होतात. हाताला मुंग्या येतात. ‘थोडा करंट मारतो, पण चालतंय’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे.

एवढ्याने कोणी मरत नाही. पण आतली एखादी तार सुटून पेटीला टेकली की पूर्ण २३० व्होल्ट पेटीवर येतात, आणि मिक्सरला जोडलेल्या माईकच्या धातूवरही. तो माईक हातात असतो ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीच्या. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताची पकड सुटेनाशी होते. सहा अँपिअरची एमसीबी तेव्हा स्वस्थ बसते, कारण ती तार जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी बसवावी लागते. पुस्तिका यावर ‘योग्य संरक्षण असावे’ इतकेच म्हणते.

खरे उपाय महाग नाहीत. सगळ्या उपकरणांना एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवरून वीज द्यावी. अंतर जास्त असेल तर संकेत प्रकाशतंतूतून न्यावा. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून वळसाच तयार होत नाही. मंचर, नारायणगाव ओलांडून गेल्यावर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या तिच्या ३० अँटेनांचे संकेत प्रकाशतंतूंतूनच मध्यवर्ती इमारतीत येतात.

पुस्तिका आणखी एक गोष्ट गृहीत धरते: सॉकेटचे तिसरे भोक खरोखर जमिनीपर्यंत पोचते. पेठ सातगाव पठारावर आहे. तिथला बटाटा पावसावर येतो आणि उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक होते. कोरड्या मुरुमात अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे, आणि वायरमनकडून मोजणी करून घ्यायची तर ती मे महिन्यात; ऑगस्टमधला आकडा दिशाभूल करतो.

झाकण उघडू नये, हवेची छिद्रे झाकू नयेत, या सूचनांबद्दल तक्रार नाही. शेवटी रेडिओ-व्यत्ययाचा एक क्लिष्ट परिच्छेद असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. या भागात तो वाचावा. १०८० ओळींचे, सेकंदाला ६० पूर्ण चित्रांचे संकेत एचडीएमआय केबलमध्ये १४८.५ मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालतात, आणि जीएमआरटीची एक पट्टी १२० ते २५० मेगाहर्ट्झ आहे. पेठमधल्या एका केबलने दुर्बीण आंधळी होईल असे नाही. पण जाळी तुटलेली केबल ही अँटेनाच असते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरत आले आहे. तिथे जाणाऱ्या मुलांनी केबलची जाळी नेमकी कुठे आणि कशी जोडतात, एवढे एक विचारून यावे.